बारा सेकंद

मे महिना, बाहेर 44, आणि आमचा कूलर गार वारा सोडून बाकी सगळं देतो आहे. जळगावात दुपारी दोन ते पाच माणूस एकतर झोपतो, नाहीतर नसते उद्योग करतो. मी झोपत नाही. घरात 43 इंची टीव्ही आला तेव्हापासून माझा उद्योग ठरलेला : जुन्या गाण्यांच्या चांगल्या प्रती शोधायच्या, पेनड्राइव्हवर साठवायच्या आणि घरच्यांना बळजबरीने दाखवायच्या.

त्या दुपारी एकाच गाण्याच्या दोन प्रती एकाखाली एक दिसल्या. एक 5 मिनिटांची, दुसरी 4 मिनिटं 48 सेकंदांची. दोन्ही शेवटपर्यंत पाहिल्या. कडवी तीन-तीनच, मधलं संगीत पुरतं, कुठे कात्री लागलेली नाही. मग बारा सेकंद गेले कुठे?

गाणं कोणतं ते सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक हे सोडून ते लावून बसतील आणि उरलेले त्याहून चांगलं सुचवतील.

या उद्योगात एक कळलं, की 'एचडी' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. सीडीच्या जमान्यातलं 352 बाय 288चं चित्र कोणीतरी ताणून 1080चं करतं. भाजीत पाणी ओतून पंगत वाढवल्यासारखं ते, पातेलं भरतं पण चव तेवढीच. त्यात काहींना चौकोनी चित्राच्या बाजूच्या काळ्या पट्ट्या सहन होत नाहीत. मग ते चित्र आडवं ओढतात आणि शिडशिडीत नायिका एकदम बाळंतपणाहून आल्यासारखी दिसते. ब्लॅक अँड व्हाइट गाण्यांना रंग फासणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, बीपी वाढतो.

गंमत म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं गाणं कधीकधी नव्वद सालच्या अल्बमपेक्षा लख्ख निघतं. सिनेमा 35 मिलिमीटरच्या फिल्मवर होता. निगेटिव्ह शाबूत असेल तर ती आज पुन्हा स्कॅन करून त्यातून नवं तपशीलवार चित्र काढता येतं. अल्बम टेपवर घेतलेले. टेपवरचं चित्र आडव्या रेघांचं, दिसणाऱ्या रेघा 576, त्या 576च राहणार. आणि आता तर आमची अहिराणी गाणी सगळ्यांत पुढे. लग्नसराईतलं कुठलंही लावा, केळीच्या बागेवरून ड्रोन फिरतो आणि पान न पान मोजून घ्या. गाण्यात नवरदेव रुसलेला असतो, पण घड किती किलोचा भरेल ते स्पष्ट दिसतं.

आमच्या लहानपणी केळीचं पानसुद्धा राखाडी होतं. अमळनेर तालुक्यातलं गाव, धाब्याचं घर, शटरवाला टीव्ही आणि बुधवारी चित्रहार. ओसरीवर निम्मी गल्ली. बायका भाकरी उरकून येत, पोरं पुढे, आणि टीव्हीच्या बाजूला, चित्र तिरपं दिसेल अशा जागी, नाना. नाना म्हणजे माझे मोठे काका, भजनी मंडळाची पेटी वाजवणारे. त्यांना चित्राशी देणंघेणं नव्हतं. पेटी मांडीपुढे घेऊन, डाव्या हाताने भाता हलवत ते गाण्याचा सूर धरायचे. विविध भारतीवर सकाळी तेच गाणं लागलं की काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, चपखल बसायचं. बुधवारी मात्र बसायचं नाही. काळी एक दाबली तर खाली पडायची, तिच्या लगतची वरची पांढरी दोन दाबली तर वर जायची. नाना वैतागून पेटी थांबवायचे.

"हाई कायी एक बी नही, पांढरी दोन बी नही. गानं पयी ऱ्हायनं भो!"

ओसरी हसायची. गाणं कुठे पळतं का? काकू म्हणायच्या, "कान गयात तुमना." दिवे गेले की तेवढ्यापुरता वाद मिटायचा.

माझा पुतण्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. संध्याकाळी तो आला तेव्हा त्याला दोन्ही प्रती दाखवल्या. त्याने फोनमधून मान वर काढून अर्धं मिनिट पाहिलं असेल.

"काका, ही छोटी टीव्हीवरून आलेली दिसते. सिनेमाला सेकंदाला 24 चित्रं. आपल्या टीव्हीला 25. मग टीव्हीवाले सिनेमा सरळ 25नेच पळवायचे. पाच मिनिटांमागे बारा सेकंद वाचले."

"आणि आवाज?"

"तोही चढणार ना. पण थोडासाच. अर्ध्या सुराच्या आत-बाहेर. कोणाला कळतं?"

मी कॅल्क्युलेटर घेतला. आवाज चढतो तो एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं जे अंतर, त्याचा साधारण सात दशांश भाग. म्हणजे काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली, बरोब्बर त्या फटीत जिथे पेटीला पट्टीच नसते.

नाना दोनदा पेटी घेऊन जळगावला गेले होते. एस.टी.त मांडीवर ठेवून, कोणाला हात लावू न देता. पहिल्या वेळी कारागिराने वाजवून पाहिली आणि पेटीत दोष नाही म्हणून परत दिली. घरी पुन्हा तेच, पुन्हा ओसरी हसली. दुसऱ्या वेळी नानांनी ऐकलं नाही. सगळे सूर घासून थोडे थोडे चढवून घेतले, त्या काळात त्याचे पैसेही बरेच लागले. पुढच्या बुधवारी गाणं पेटीवर अगदी बसलं. नाना डोळे मिटून तिन्ही कडवी वाजवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ लावला आणि रेडिओ बेसूर. नाना काही बोलले नाहीत, रेडिओ बंद करून शेतात गेले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेटी गावातल्या भजनी मंडळाकडे आहे, एकादशीला वाजते. तिच्यातली काळी एक अजून काळी एक नाही.