साडेतीनांक उगडटलें

पुण्याहून आलेल्या माझ्या मेव्हण्याला गोव्याची दुपार मानवत नाही. परवा पणजीत चर्चच्या पायऱ्यांसमोरच्या रस्त्यावर तो एका बंद शटरकडे रोखून बघत उभा होता. पुस्तकांचं दुकान, दुपारचा दीड. शेजारच्या पानवाल्याने मान वर न करताच सांगितलं, "साडेतीनांक उगडटलें."

"भाऊजी, गिऱ्हाईक दारात उभं आणि हे झोपलेत?"

दुपारी एक ते चार हा कुणाच्या गावचा शोध, हे मी विचारलं नाही. बायकोचा भाऊ आहे. पातळ भाजी आणि पाव मागवून आम्ही बसलो, तर त्याने तेवढ्यात मोबाइलवर हवं ते पुस्तक शोधलंही. चांगली घसघशीत सूट, शिवाय तो पुण्याला पोहोचायच्या आत घरपोच. त्याचं काही चुकलं नाही. मला मात्र साडेतीनपर्यंत थांबायचंच होतं, आणि कुठलं पुस्तक हवंय हे मलाच माहीत नव्हतं.

आपल्या गावातल्या दुकानात आपण यादी घेऊन जातो. मुलीचं गाइड, कुणाला तरी द्यायला ज्ञानेश्वरी, वह्या. परगावच्या दुकानात यादी नसते. मी आधी एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो. तोवर मालकाने "काय हवं?" असं विचारलं, तर माझा अर्धा आनंद तिथेच संपतो. चांगला मालक विचारत नाही. तो बिलबुकात डोकं घालून बसतो आणि चष्म्याच्या वरून आपण कुठल्या कप्प्यापाशी रेंगाळतोय ते बघत राहतो. विमानतळावरच्या दुकानांत पुस्तकं सगळीकडे तीच, त्याच क्रमाने. तिथे एसी छान असतो.

या बाबतीत मला दोन शानभाग आठवतात. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग, १९४८ साली कुलाब्यातल्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलवर त्यांनी सुरुवात केली, पुढे दुकान फोर्टात गेलं. आणि बेंगळुरूच्या प्रीमियर बुकशॉपचे टी. एस. शानभाग, त्यांचेच पुतणे. प्रीमियरमध्ये पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत रचलेली असत आणि मधून एक माणूस जेमतेम आडवा होऊन जाई. मधलं पुस्तक ओढायची माझी कधी छाती झाली नाही. नाव सांगितलं की ते शांतपणे उठून नेमक्या ढिगातून ते काढून देत. प्रीमियर २००९ मध्ये बंद झालं, स्ट्रँड २०१८ मध्ये. मुंबईला गेलो की फोर्टात पाय अजून त्या बाजूला वळतात, काही कारण नसताना.

तर, साडेतीनला शटर वर गेलं. प्रदक्षिणा घालून मी नेहमीच्या जागी पोहोचलो: गल्ल्याजवळचा, 'गोवा' असं लिहिलेला कप्पा. पणजीत सिंगबाळांकडे जा नाहीतर कळंगुटला जुन्या घरात थाटलेल्या लिटराटीत जा, हा कप्पा हटकून असतो, आणि माझा जीव त्यातच. चर्चेस, देवळं, पक्षी, फिश करी हे वरच्या बाजूला, पाहुण्यांसाठी. खाली, गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत अशी बारकी पुस्तकं. कुणा निवृत्त मास्तरांनी स्वखर्चाने छापलेला गावाचा इतिहास. तियात्रावरचं, म्हणजे कोंकणी नाटकांवरचं, एखादं. यावेळी हाती लागलं खाजनांवरचं. खाडीच्या कडेला बांध घालून केलेली शेतं, तिथे खाऱ्या जमिनीत तगणारं कोरगूट भात, आणि बांधातलं ते लाकडी दार, मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं, ओहोटी लागली की उघडतं. चौऱ्याहत्तराव्या पानावर मानशीच्या आकृतीत 'भरती' आणि 'ओहोटी' हे शब्द उलटे पडले होते. निळ्या बॉलपेनने खोडून बरोबर केले होते. मी मागची दुसरी प्रत काढली. तिच्यातही तेच. तिसरीतही. लेखकाने घरी बसून एकेक प्रत दुरुस्त केली असणार. अशी पुस्तकं मोबाइलवर सापडत नाहीत.

छापखाना आपल्याकडे आला तोही आधी गोव्यातच, १५५६ साली. खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गलबत इथे लागलं आणि तो इथेच राहिला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठी, पण रोमन खिळ्यांत, कारण देवनागरी खिळे नव्हते. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापलेलं टिकतं असं आपण उगाच धरून चालतो. म्हणून खालच्या कप्प्यातली बारकी पुस्तकं मी हावरटासारखी घेतो. सगळी वाचून होतात असं नाही.

ही खोड वडिलांकडून आलेली. आम्ही फोंड्याचे, नातलग निम्मे बेळगावात, त्यामुळे लहानपणीची लग्नं तिकडेच. अक्षता पडल्या की पंगत बसेपर्यंतच्या वेळात बाबा गायब होत. जाताना मला बोट देत आणि हळूच बजावत, "आईने विचारलं तर पान खायला गेलो होतो म्हण." बाजारातल्या एका दुकानात, इस्त्रीचं धोतर आणि अत्तर लावलेल्या कोटात, ते कोपऱ्यात उभ्या उभ्या वाचत. मी सुतळीच्या रिळाशी खेळत बसायचो. मालक पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच सुतळीने बांधायचे. परतेपर्यंत पहिली पंगत उठलेली असे. आई काही बोलायची नाही, फक्त पुडक्याकडे एकदा बघायची आणि मला विचारायची, "पान रंगलं का रे?"

त्यातलं एक पुस्तक अजून माझ्याकडे आहे. पानांच्या शिवणीत दोन तांदूळ अडकलेत, आणि कुंकवाचा डाग आता तपकिरी झालाय. बाबांनी वाचायला वाकवलेल्या डोक्यावरून पडलेले.

मेव्हण्याने शेवटी काही घेतलं नाही. म्हणजे, फिश करीचं घेतलं. बहिणीच्या हातचं खाऊन ते शिकायला पुस्तक कशाला लागतं, ते त्यालाच ठाऊक. घरी पुस्तकं ठेवायला जागा उरलेली नाही, हे आमच्या हिचं म्हणणंही खरं आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे, धारवाडला. तिथे सुभाष रोडला मनोहर ग्रंथमाला या कानडी प्रकाशनसंस्थेचा तो प्रसिद्ध माळा आहे. मला कानडी वाचता येत नाही. पण मुहूर्त बारा चाळीसचा आहे, म्हणजे पंगत काही दीडच्या आत बसत नाही.