१९७१ची फियाट ११०० डिलाइट: फ्लोअर झाला, ब्रेक झाले, रंग तसाच

काकांच्या फियाटचं काम निम्म्यावर आलंय. गाडी पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर चार गिअर, पुढे सलग सीट. काका हेच पहिले मालक. ते गेल्यावर काकूंनी गाडी माझ्या नावावर केली. नियम एकच ठरवलाय: जिवाशी गाठ असेल ते बदलायचं, बाकी दुरुस्त होतंय तोवर दुरुस्तच करायचं. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला फ्लोअरने. मुंबईत गाडी वरून चकाचक दिसते आणि आतून खंगते. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून उतरतं, रबरी मॅटखालच्या नमद्यात मुरतं आणि तिथेच राहतं. दादरची खारी दमट हवा त्याला वाळू देत नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याची अक्षरशः चाळण झाली होती. डेंटरचं म्हणणं, अख्खा पत्रा कापून नवा टाकू, काम लवकर होईल. मी नको म्हटलं. निरोगी पत्रा लागेपर्यंतच कापायचं, त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा, मूळ पत्र्यावरच्या उभ्या घड्या तुकड्यावरही ठोकून काढायच्या. त्या घड्या शोभेच्या नाहीत, फ्लोअरला ताठपणा त्यांच्यामुळेच येतो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कुठेही भरलेली नाही. झिंक प्रायमर मारला आणि काचेचं रबर आधी बदललं, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्याचं कौतुक केलं नाही. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीतही ब्रेकचे सिलिंडर आतून खड्डे पडून खराब होतात. पाइप, होज आणि सील सगळे नवे. मास्टर (पेडलकडचा) आणि व्हील (चाकातले) सिलिंडरची मूळ घरं ठेवली, आत स्टीलची स्लीव्ह, म्हणजे अस्तराची नळी, बसवली. बाहेरून काही कळत नाही, पेडल घट्ट लागतं.

पेट्रोलकडचं रबरही बदललं, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्यात फुगतात, चिरतात. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या टाकल्या, टाकी उतरवून आतला गंज काढला. कार्ब्युरेटर मूळचाच आहे. या पेट्रोलवर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून थोडा मोठा जेट (इंधन सोडणारं बारीक छिद्र) लावून बघणार आहे.

बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर लाव, हा सल्ला भेटेल तो देतो. सल्ला चुकीचा नाही. सिग्नलला उभं राहिलं की डायनॅमो चार्ज करत नाही, लाल दिवा लागतो, हेडलाइट मंदावतात. पण मी रात्री लांब जाणार नाही. नवे कार्बन, नवं बेअरिंग, कटआउटची (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) सफाई एवढ्यावर तो छान चालतोय. त्याचा घरघराट या गाडीचा आवाज आहे आणि मला तो हवाय.

रंगाला हात लावलेला नाही. थिनरचं फडकं कोपऱ्यात फिरवल्यावर रंग फडक्यावर उतरला, म्हणजे जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटच आहे. कडांना तो फार पातळ झालाय, त्यामुळे मशीन न लावता हातानेच हलकं पॉलिश केलं. मागच्या डाव्या दारावर एक पोचा आहे. तो काढू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, ‘अरे, गाडी शिकताना फाटकाला मी लावलेली ती. राहू दे.’ राहिला.

सुट्या भागांचं आता अवघड होणार. पद्मिनी (याच फियाटची पुढची आवृत्ती) टॅक्सी होत्या तोवर इंजिन, गिअर, ब्रेकचे भाग कुर्ल्यात सीएसटी रोडला हाक मारली की मिळायचे, आणि पद्मिनीचे बरेचसे डिलाइटला बसतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३मध्ये बंद झाली. गिऱ्हाईक गेलं तसा दुकानातला मालही आटतोय. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी दुरुस्तीचे किट आत्ताच घेऊन ठेवावेत.

व्हिंटेज नोंदणीबद्दल काहींनी विचारलं होतं. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तिथे आपण बसतो. पण त्या नंबरवर गाडी रोजच्यासारखी रस्त्यावर काढता येत नाही, आणि मला काकूंना घेऊन रविवारी शिवाजी पार्कला फेरी मारायचीच आहे. म्हणून सध्या साधंच नूतनीकरण, दर पाच वर्षांनी.

पुढचं काम गिअर लिंकेजचं, म्हणजे स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचं. बुश झिजलेत, दुसरा गिअर शोधावा लागतो. पुढच्या ग्रिलची उजवीकडची क्रोम पट्टीही हवी आहे. पद्मिनीची चालत नाही, डिलाइटचीच लागेल. नवी कॉपी नको, जुनी मळकी असली तरी चालेल. कुणाकडे पडून असेल तर जरूर सांगा.