तुम्ही विचारलंत म्हणून: रकाना रिकामा का?

"मॅडम, जंतूचं नाव दिलंत, मग पुढे सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट ते का नाही लिहिलं?" आयसीयूतून रात्री अकराला लॅबमध्ये मला फोन येतो. कुठलं अँटिबायोटिक त्या जंतूवर चालेल (सेन्सिटिव्ह) आणि कुठलं नाही (रेझिस्टंट), तो रकाना मी रिकामा सोडलेला असतो. हल्ली सोसायटीच्या लिफ्टमध्येही कुणीतरी मोबाइलवरचा रिपोर्ट पुढे करतं.

जंतूंच्या थाळीत औषधाची डिस्क ठेवली की तिच्याभोवती जंतू न वाढलेलं रिंगण पडतं; ते मला मोजता येतं हो. पण किती मिलिमीटरला काय म्हणायचं, तो तक्ता ई. कोलाय, स्यूडोमोनास अशा नेहमीच्या जंतूंचा आहे. या रिपोर्टातल्या एलिझाबेथकिंगिया नावाच्या जंतूसाठी डिस्कचा तक्ताच नाही. दुसऱ्याचा तक्ता लावून लिहिता येतं. मी लिहिलेलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी, पुण्यातल्याच एका लहान लॅबमध्ये. बारा दिवसांच्या बाळाच्या रक्ताची बाटली. ब्लड अगार या जंतू वाढवायच्या माध्यमावर फिकट पिवळसर कॉलनी, ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह, मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमावर काहीच नाही. स्यूडोमोनास मॅकॉन्कीवर मजेत वाढतो, तेव्हा तिथेच थांबायला हवं होतं. पण बाहेर बाकावर बाळाचे आजोबा बसलेले, दर अर्ध्या तासाने दारात येऊन "ताई, झालं का?" मी स्यूडोमोनासचा तक्ता काढला. पिपटॅझ या अँटिबायोटिकचं रिंगण चांगलं ऐसपैस होतं. 'सेन्सिटिव्ह' लिहिलं, सही केली. आजोबांनी तो कागद कपाळाला लावला.

खात्रीसाठी मोठ्या लॅबला पाठवलेल्या नमुन्यातल्या जंतूचं नाव चौथ्या दिवशी आलं: एलिझाबेथकिंगिया. बाळ आदल्या रात्री गेलं होतं.

वजन फारच कमी होतं, कदाचित कशानेच वाचलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. ते खोटं नाही, पण माझ्या सोयीचं आहे.

आणि औषधं चालत नाहीत ती 'लोक गोळ्या अर्धवट सोडतात म्हणून', हे या जंतूबाबत कृपा करून म्हणू नका. मेरोपेनेमसारखं जबर अँटिबायोटिक फोडणारी दोन एन्झाइम्स त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातच आहेत, कोलिस्टिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला तो मुळातच दाद देत नाही. राहतो माती-पाण्यात, वॉर्डातल्या बेसिनच्या नळावरसुद्धा. एलिझाबेथ किंग यांनी १९५९ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा मेरोपेनेम कुठे होतं? अर्थात मेरोपेनेमने बाकीचे जंतू झाडून काढले की यालाच मोकळं रान मिळतं, तेवढा दोष आपला.

गेल्या महिन्यात एक तरुण डॉक्टर चिडला. "रिकामा रकाना बघून मी सलाईनमध्ये काय सोडू?" त्याचं चुकलं नव्हतं. मी एमआयसीचे आकडे (जंतूची वाढ थांबवायला औषध किमान किती लागतं ते) वाचून दाखवले, मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचा विचार करा म्हटलं. लिहून मात्र दिलं नाही.

"म्हणजे जबाबदारी माझी," तो म्हणाला.

मी फोन धरून नुसती उभी होते.