भागाकार सोपा, पण रोध कोणत्या क्षणाचा?

मध्यंतरी कपाट आवरताना तारेचा एक जुना बल्ब हाती लागला आणि सहज गंमत म्हणून मी मल्टीमीटर लावून त्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मोजला, तेव्हा पडद्यावर सुमारे ६५ ओहम दिसले. व्होल्टच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते, म्हणून घरातल्या २३० व्होल्टच्या वर्गाला ६५ ने भागले असता शक्ती जवळजवळ ८१४ वॅट निघते. बल्बच्या काचेवर मात्र '२३० व्होल्ट, ६० वॅट' असे स्वच्छ छापलेले होते. मीटर ठीक होता आणि आकडेमोडही मी दोनदा तपासली.

विभवांतराला (व्होल्टमध्ये मोजतात तो विजेचा दाब) विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, हे बहुतेकांना पाठ असते. जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम शिकताना 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' हे शब्दही आपण घोकतो, पण उदाहरणे सोडवताना ते हमखास विसरतो. बल्बमधली टंगस्टनची तार पेटलेली असताना साधारण २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिचा रोध थंड अवस्थेच्या दहा-पंधरा पट होतो. पेटलेल्या बल्बमधून ६० भागिले २३०, म्हणजे सुमारे ०.२६ अँपिअर धारा वाहते. २३० ला ०.२६ ने भागले की रोध जवळजवळ ८८० ओहम येतो. माझा मीटर थंड तारेचा रोध सांगत होता आणि काचेवरचा आकडा तापलेल्या तारेची शक्ती. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी मात्र खरोखरच साडेतीन अँपिअरच्या आसपास धारा धावू शकते, आणि असे बल्ब बहुधा लावतानाच का जातात, याचे एक कारण त्यात आहे.

म्हणून विभवांतर आणि धारा हे दोन्ही आकडे एकाच घटकाचे आणि तो काम करत असतानाचे घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. व्होल्टमीटर त्या घटकाला समांतर, म्हणजे त्याच्या दोन टोकांवर, जोडावा आणि धारा मोजणारा अमीटर एकसर, म्हणजे धारेच्या त्याच वाटेत. अमीटरचा स्वतःचा रोध अत्यल्प असल्यामुळे तो चुकून समांतर जोडला तर निदान त्याचा फ्यूज तरी उडतोच.

एककांची चूक त्याहून साधी, पण मी ती कितीदा केली आहे हे सांगायला नको. ५ व्होल्टला २५० मिलिअँपिअर धारा वाहत असेल तर रोध २० ओहम आणि शक्ती १.२५ वॅट. 'मिलि' विसरलो की रोध ०.०२ ओहम आणि शक्ती १२५० वॅट होते, म्हणजे तांदळाएवढ्या रोधकातून शेगडीइतकी उष्णता! अर्थात १.२५ वॅटही किरकोळ नाहीत: पाव वॅटच्या रोधकावर तो पाचपट भार आहे. त्याचे रंगीत पट्टे काळे पडतात, जळका वास सुटतो आणि बोट लावले तर चटका बसतो.

प्रत्यावर्ती धारेवरच्या (घरातल्या एसी विजेवरच्या) पंख्याला मात्र हा साधा गुणाकार जसाच्या तसा लागू पडत नाही. मोटारीतली धारा विभवांतराच्या थोडी मागे राहते, त्यामुळे २३० व्होल्ट आणि ०.४ अँपिअर यांचा गुणाकार ९२ आला तरी वॅटमीटर त्याहून कमी आकडा दाखवतो. खरी शक्ती हवी असेल तर त्या गुणाकाराला शक्तिगुणकानेही (खरी शक्ती त्या गुणाकाराचा कितवा भाग आहे हे सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे लागते.