“फाइल वर्डमध्ये पाठव”: झोटेरोचे संदर्भ टिकवताना

झोटेरो (संदर्भ साठवून ते लिखाणात घालून देणारं सॉफ्टवेअर) उतरवून घेणं, ब्राउझरमध्ये त्याचा कनेक्टर टाकणं, गूगल डॉक्सला परवानगी देणं, यात सांगण्यासारखं काही नाही. फुकट आहे, डॉक्सच्या मेनूत ‘झोटेरो’ दिसायला लागतं, काम सुरू. यूट्यूबवर याचे ढिगाने व्हिडिओ आहेत आणि ते सगळे इथेच संपतात. एकाच डॉक्युमेंटमध्ये तिघांनी लिहायचं आणि त्यातलं एक जण गाइड असेल तर पुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही.

आमचा पेपर मराठवाड्यातल्या सिंचनाच्या अनुशेषावर. लिहिणार मी, नांदेडची माझी सहलेखिका आणि आमच्या मॅडम. विषयच असा की निम्मे संदर्भ सरकारी: १९८४ची दांडेकर समिती, १९९९चा चितळे आयोग, २०१२ची सिंचन श्वेतपत्रिका, २०१३ची केळकर समिती. बहुतेकांच्या लेखकाच्या रकान्यात एकच नाव, गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला ड्राफ्ट सुरळीत झाला. मग मॅडमचा मेसेज आला: “फाइल वर्डमध्ये पाठव. ऑनलाइन मला सुधरत नाही.” आम्ही उत्तर द्यायच्या आत त्यांनी स्वतःच ती वर्डमध्ये डाउनलोड केली, परिच्छेद इकडचे तिकडे केले, दोन काढले, तीन घातले आणि ‘फायनल करेक्टेड २’ नावाने ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकली. खाली निरोप, आता यातच पुढे काम करा.

गंमत अशी की ती फाइल उघडल्यावर सगळं जागेवर दिसतं. कंसात नाव, साल, स्वल्पविराम, खाली संदर्भसूची. शंका यायला कारणच नाही. जर्नलला आकड्यांची शैली हवी होती म्हणून एपीए (कंसात नाव आणि साल देणारी शैली) बदलून बघितलं, तर एक कंस हलेना. सहलेखिकेने एक नवा संदर्भ टाकून सूची नव्याने काढली, तर सूचीत तेवढा एकच अहवाल. बाकीचे सगळे गायब.

कारण असं. डॉक्समध्ये जो कंस दिसतो तो झोटेरोच्या साइटची एक लिंक असते, नुसती खूण. संदर्भाची खरी माहिती त्या गूगल डॉक्युमेंटच्याच पोटात वेगळी ठेवलेली असते. साधं डाउनलोड केलं की लिंक येते, माहिती मागे राहते. फाइल परत चढवली तरी ती माहिती परत येत नाही.

मॅडमना फोन केला. “अगं, संदर्भ तर दिसतायत की.”

“दिसतायत मॅडम, पण जिवंत नाहीत.”

“मग कर जिवंत.”

आता काय बोलणार! मला खरा राग मॅडमपेक्षा त्या डाउनलोडच्या बटणाचा आला. एवढं सगळं तुटणार असताना एका ओळीची सूचना तरी द्यावी.

तुमच्यावर ही वेळ आली तर मेलेली फाइल दुरुस्त करत बसू नका. मूळ गूगल डॉक तसंच शाबूत असतं. त्याची एक वर्ड प्रत काढायची, वर्डच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमधल्या ‘कंपेअर’मध्ये ती आणि मॅडमची फाइल घालायची. नेमकं कुठे काय बदललंय ते लाल रंगात समोर येतं. तेवढेच बदल मूळ डॉकमध्ये हाताने करायचे. मॅडमनी हाताने टाइप केलेले कंस काढून त्या जागी झोटेरोतून संदर्भ घालायचे. कंटाळवाणं काम आहे, डोळे जातात, पण होतं.

वर्डमध्ये न्यायचंच असेल तर सरळ रस्ता आहे, फक्त तो लपवल्यासारखा ठेवलाय. आधी डॉकची प्रत करून ठेवा. मग झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये ‘स्विच टू अ डिफरंट वर्ड प्रोसेसर’ दाबा. डॉक्युमेंटच्या सुरुवातीला एक इंग्रजी सूचना येते आणि प्रत्येक कंसाच्या जागी कोडचं जंजाळ. पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो, पण ते तसंच असायला हवं. आता डाउनलोड करा, झोटेरो असलेल्या वर्डमध्ये उघडा, ‘रिफ्रेश’ दाबा. कंस परत येतात आणि या वेळी जिवंत असतात. ही फाइल मॅडमना द्या, त्यांच्याकडे झोटेरो नसलं तरी चालतं. मधली जंजाळाची अवस्था मात्र त्यांना चुकूनही दाखवू नका. परत आणताना हेच उलट: वर्डमध्ये ‘स्विच’, ड्राइव्हवर चढवणं, मग रिफ्रेश. चढवल्यावर नावाशेजारी ‘डॉट डॉकएक्स’ची पट्टी दिसत असेल तर झोटेरो चालणार नाही. फाइल मेनूतून ‘सेव्ह अ‍ॅज गूगल डॉक्स’ करावं लागतं.

आता ते सरकारी लेखकाचं. मी आणि सहलेखिका आपापल्या लायब्ररीतून संदर्भ टाकत होतो. झोटेरोच्या दृष्टीने माझा केळकर अहवाल वेगळा, तिचा वेगळा. म्हणून मजकुरात २०१३ए आणि २०१३बी असे दोन अहवाल उगवले. वाचणाऱ्याला वाटेल शासनाने त्या वर्षी दोन समित्यांचे अहवाल छापले! एका ठिकाणी तर लेखक ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ झाले होते, कारण कुठल्याशा साइटवरून नोंद ओढताना शासनाचं नाव आणि आडनाव वेगळं झालं. नोंदीत लेखकाच्या नावाशेजारच्या छोट्या बटणाने दोन रकाने एक करता येतात, संस्थेचं नाव तिथे अखंड बसतं. आणि दुहेरी नोंदींवर एकच उपाय: पहिल्या दिवशी झोटेरोत ग्रुप करा आणि सगळ्यांनी त्याच ग्रुपच्या लायब्ररीतून संदर्भ घ्या. ग्रुप फुकट असतो. पीडीएफ ठेवायला मात्र एकूण ३०० एमबीच मिळतात, त्यामुळे जाडजूड अहवाल तिथे चढवू नका.

कंसात हाताने कधीच काही बदलू नका, पान क्रमांकसुद्धा नाही. तसं केलं की पुढच्या वेळी झोटेरो विचारतं, तुमचा बदल ठेवू का? घाईत ‘हो’ म्हटलं की तो संदर्भ पुढे आपोआप बदलायचा थांबतो. पान क्रमांकासाठी झोटेरोच्याच खिडकीत जागा आहे.

डॉक लांब झालं की प्रत्येक संदर्भाला मिनिटभर चक्र फिरतं. प्रेफरन्सेसमधलं आपोआप अपडेट बंद ठेवा, शेवटी एकदाच रिफ्रेश करा. जर्नलला पाठवताना प्रत काढून त्या प्रतीवर ‘अनलिंक सायटेशन्स’ करा, म्हणजे संदर्भांचा झोटेरोशी संबंध तुटून साधा मजकूर उरतो. मूळ डॉकवर केलंत तर परतीचा रस्ता नाही.

पुढच्या पेपरचं डॉक तयार आहे. त्यात मॅडमना फक्त कॉमेंटचा अधिकार दिलाय आणि शेअरिंगच्या सेटिंगमधून डाउनलोडची टिक काढून टाकलीय. फोन अजून आलेला नाही.