तुम्ही विचारलंत म्हणून: चहात कुठून आलं ग्लूटेन?

चहाचं पाकीट उलटं करून मी मागची बारीक अक्षरं वाचायला लागले की सोबतचं कुणी ना कुणी विचारतंच, "गहू सोडलात ते समजलं, पण चहात कुठून आलं ग्लूटेन?" प्रश्न वाजवी आहे. दर वेळी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेते, म्हणून आज जरा ऐसपैस लिहिते.

चहाच्या पानात ग्लूटेन नसतंच. गहू, जव आणि राय या धान्यांच्या दाण्यांत साठवलेलं ते प्रथिन. चहाच्या झुडपाचा या धान्यांशी दूरान्वयानेही संबंध नाही. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग, कुठलाही घ्या, नुसती पानं असतील तर खुशाल प्यावा. मला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा माझ्याच लहान आतड्यावर उठते. तरीही साध्या चहाची मी फार उलटतपासणी करत नाही. ती सुरू होते चहात चहाखेरीज आणखी काही पडलं की.

आणि हल्ली पडतं बरंच काही. कॅरमेल, चॉकलेट, केकच्या चवीचे चहा निघाले आहेत. त्यांतला तो गोडसर खमंगपणा कधीकधी जवाच्या माल्टमधून आलेला असतो. "कॉफीची आठवण करून देणारा" असं काही लिहिलेल्या वनस्पती-चहांत चिकोरीच्या जोडीला भाजलेले जव असण्याची शक्यता बरीच. चिकोरी निरुपद्रवी, जव नाही. म्हणून यादीत मी 'गहू' शोधतच नाही. चहाच्या बाबतीत खरा लबाड जवच. पाकिटावर ठळक अक्षरांत 'गहूमुक्त' लिहिलेलं असलं तरी त्याने जवाबद्दल काहीच कळत नाही. अमेरिकेत 2004च्या अ‍ॅलर्जी-लेबल कायद्याने गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला, पण जव त्या यादीत नाही. युरोपीय संघात मात्र ग्लूटेन असलेलं कुठलंही धान्य घटकांमध्ये ठळक दाखवावं लागतं. म्हणजे पाकीट कुठून आलंय, हेही बघायला लागतं. 'ग्लूटेनमुक्त' हा शब्द असेल तर जीव भांड्यात पडतो, कारण त्यामागे एक मोजमाप आहे: किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा मानतात.

पुष्कळांना ठाऊक नसतं, पण जपानी मुगिचा आणि कोरियन बोरिचा यांत चहाचं एकही पान नसतं. भाजलेले जव पाण्यात उकळायचे किंवा भिजत टाकायचे, गाळायचे, की झालं पेय. "दाणे तर गाळून टाकतो ना?" असं मला समजावलं जातं. दाणे गाळले जातात, पाण्यात उतरलेलं गाळलं जात नाही. मी त्या वाटेला जात नाही. उलट आसामच्या चहाच्या पाकिटावर 'माल्टी' असं वर्णन दिसतं तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ते चवीचं विशेषण आहे, त्यात माल्ट घातलेला नसतो. माझ्यासारखी एक जण त्या शब्दापायी चांगला आसाम परत ठेवत होती, तिला थांबवायला मला बरंच बोलावं लागलं.

भाजल्या दाण्याच्या वासासाठी जीव टाकणाऱ्यांची गैरसोय होते असं मात्र मुळीच नाही. होजिचा आणा. हिरव्या चहाची पानं आणि देठ चांगले भाजून तपकिरी केलेले असतात. हिरव्या चहाला चालत नाही ते याला चालतं: आधणाचं पाणी सरळ वर ओतायचं. अर्ध्या मिनिटात कपात तांबूस रंग उतरतो, वास आधी येतो आणि चव मागाहून, कडूपणा जवळजवळ नाही. गेनमाइचात हिरव्या चहाबरोबर भाजलेला तांदूळ असतो, काही दाणे लाहीसारखे फुललेलेही दिसतात. तांदूळ आपल्याला चालतो, फक्त यादीत दुसरं धान्य घुसलेलं नाही ना ते पाहावं. याला पाणी थोडं निवू द्यायचं, 80 अंशांच्या आसपास, नाहीतर पान रागावतं. आणि सोबाचा, म्हणजे भाजलेल्या कुट्टूचा (बकव्हीटचा) चहा. कुट्टू गव्हाच्या कुळातला नाही, त्यात ग्लूटेन नाही, कॅफीनही नाही. तळाशी राहिलेले मऊ दाणे मी चमच्याने खाऊन टाकते. मात्र कुट्टू ज्या कारखान्यात दळतात-भाजतात तिथे गहूही असू शकतो, म्हणून सोबाचा मी फक्त 'ग्लूटेनमुक्त' छापलेलाच घेते.

दूध घालून पिणाऱ्यांसाठी रुईबोस, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचा तांबडा चहा. कितीही वेळ मुरू द्या, कडवट होत नाही, आणि दुधातही त्याचा रंग टिकतो.

दुधावरून आठवलं. निदान नुकतंच झालेली माणसं सांगतात, "गहू बंद केला तरी चहा पचत नाही, म्हणजे चहातच ग्लूटेन असणार." बऱ्याचदा अपराधी चहा नसतो, दूध असतं. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं तेव्हा दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी तयार होतं. अस्तर भरून आलं की पुष्कळांना दूध पुन्हा सोसायला लागतं. तोवर कोरा चहा प्यावा. ओटचं दूध घालायचं असेल तर मात्र तेही 'ग्लूटेनमुक्त'च पाहिजे, कारण ओटमध्ये गहू-जवाची भेसळ शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही होते.

दुसरी गोष्ट लोहाची. सिलिअ‍ॅकमध्ये लोह कमी पडणं नेहमीचं, आणि चहातली पॉलिफेनॉलं वनस्पतिजन्य अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. ग्लूटेनपायी चहाला घाबरणारे हे पथ्य क्वचितच पाळतात, याचं मला नवल वाटतं.

चहाच्या पिशव्या गव्हाच्या खळीने चिकटवतात, ही अफवाही नेहमी कानावर येते. बहुतेक पिशव्या उष्णतेने चिकटवलेल्या किंवा घडी घालून पिन मारलेल्या असतात. पिशवीपेक्षा मला सुट्ट्या चहाच्या बरण्यांची जास्त धास्ती. जवाच्या मिश्रणात बुडालेला चमचा पुसलासा करून पुढच्या बरणीत जातो. अशा ठिकाणी मी बंद डबाच मागते. घरीही पीठ चाळायची बारीक चाळण आणि चहाची गाळणी वेगवेगळी हवी, हे वेगळं सांगायला नकोच.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे चहाचं यंत्र. एकाच तोटीतून चहा, कॉफी आणि माल्टचं पेय येतं. तिथे नुसतं गरम पाणी घेऊन पर्समधली माझी पिशवी त्यात सोडावी असं वाटतं, पण ते पाणीही त्याच तोटीतून येत असेल तर मी पाणीसुद्धा घेत नाही.