तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीखाली कोण झोपणार?

परवा एका लग्नात ताट घेऊन उभी होते, तर मागून आलंच: "ताई, तुमच्याकडे फोर बाय फोर आहे ना? जुनी घ्यायची म्हणतोय. काय काय बघू?" मी म्हटलं, "खालून बघा." ते हसले. "ते तर बघूच, पण मेन काय बघायचं?"

हेच मेन आहे हो. किती वेळा सांगू?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण "ताई फसल्या होत्या" या सुरातली विचारपूस मला सहन होत नाही. मी डोळे मिटून गाडी घेतली नव्हती. दोन महिने अभ्यास केला होता. दाराची रबरं उचकटून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला. आरसीवर बँकेचा बोजा नाही, चलान थकलेलं नाही, मालक दोनच झालेले. एमएच ४० पासिंग, म्हणजे परराज्यातली एनओसी आणि नव्याने रोड टॅक्स ही भानगड नाही. सकाळी इंजिन गार असताना स्टार्ट मारायला लावलं. चारही टायर एका मापाचे, एकसारखे झिजलेले. नागपूरच्या कामठी रोडवरच्या त्या दलालाला मी इतकं पिडलं की त्याने मला दोनदा चहा पाजला.

आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणं? तेही तपासलं. लिव्हर फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकला, डॅशबोर्डवर दिवा पेटला. फोर-लोमध्ये (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाकला, गाडी मोठा आवाज करत मुंगीच्या पावलांनी निघाली. मग पुन्हा फोर-हाय लावून डांबरावरच पूर्ण स्टिअरिंग कापून यू-टर्न मारला. लोण्यासारखी वळली. "वा, काय स्मूथ आहे!" असं मीच म्हणाले, दलालाने म्हणायच्या आधी.

गाडी बाबांसाठी होती. कोंढाळीपासून आत आमचं शेत आहे, आणि शेवटचा दीड किलोमीटर पांदण. काळी माती. पावसाळ्यात त्या पांदणीतून चपलाही परत येत नाहीत, साध्या गाडीचं काय घेऊन बसलात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जून ते ऑक्टोबर शेत बंद, म्हणजे बाबा बंद.

पोळा होता, १४ सप्टेंबर २०२३. बाबांना दुपारी गोठ्यावर पोचून बैलांना स्वतःच्या हाताने झूल घालायची होती. पांदण अर्धी झाली आणि गाडी बसली. मी फोर-हाय लावलं, दिवा पेटला. फोर-लो लावलं, दिवा पेटलेलाच. मागची चाकं चिखल उडवत खाली खाली जात होती. पुढची दोन्ही चाकं स्तब्ध. मला वाटलं मलाच चालवता येत नाहीये. बाबा म्हणाले, "हळू दे." मी हळू दिलं. मागचा बंपर मातीला टेकला.

थोड्या वेळाने समोरून आमचीच जोडी आली. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, सालदार कासरा धरून. गावात तोरणाखाली न्यायची वेळ झाली होती. तो थांबला. मी त्याला विचारलं, बैल लावून ओढता येईल का? बाबांच्या देखत विचारलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी, आणि पोळ्याच्या दिवशी हे विचारलं. तो गाडीकडे न बघता म्हणाला, "ताई, काल त्यायचे खांदे शेकले. आज कसे जुपाव?"

बाबांनी काच खाली केली, हात बाहेर काढून दोन्ही बैलांच्या कपाळाला लावला आणि सालदाराला म्हणाले, "जाय तू. तोरण चुकंल."

ट्रॅक्टर यायला दोन तास लागले. त्यालाही झेंडूचा हार होता. साखळी अडकवायला एक पोरगा गाडीखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "ताई, सामोरचा शाफ्ट कुठी हाय?"

मी चिखलात आडवी होऊन बघितलं. ट्रान्स्फर केसमधून, म्हणजे इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून, एक शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) मागे गेलेला. पुढे जिथे दुसरा असायला हवा, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने गुंडाळलेला.

आम्ही गावात पोचलो तेव्हा पोळा फुटला होता.

आता तो यू-टर्न आठवा. पार्ट-टाइम फोर बाय फोरला, म्हणजे जिथे पुढची चाकं गरजेपुरती लिव्हरने जोडतात, पुढचा ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस) आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे डिफरन्शियल नसतं, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी नसते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि दोन्ही ॲक्सल एकमेकांना जखडलेले असले की कोरड्या डांबरावर गाडी अडते, स्टिअरिंग जड होतं, टायर घासत उड्या घेतात. अशी वळायला हवी होती. माझी लोण्यासारखी वळली कारण पुढे काही जोडलेलंच नव्हतं. दिवा लिव्हरच्या बाजूने पेटतो, चाकांना विचारून नाही. (फुल-टाइम किंवा ऑल-व्हील गाडीला हे लावू नका, ती स्मूथच वळते. आणि ज्याची गाडी आहे त्याच्या समोर डांबरावर हा खेळ फार करू नका, गिअर दुखावतात. मुरमाच्या मैदानात न्या, फोर-हाय लावा, पुढची चाकं माती ओढतात का ते बाहेर उभं राहून बघा.)

शाफ्ट का काढला असेल? मिस्त्री म्हणाला, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) गेला असेल, गाडी थरथरत असेल, खर्च नको म्हणून उतरवला. दलाल म्हणाला, "मॅडम, मी पण अशीच घेतली." खरंही असेल. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या, म्हणजे इडापीडा गावाबाहेर हाकलायच्या मिरवणुकीत मी मनातल्या मनात त्याला पिवळ्या मारबतीसोबत पाठवून दिलं, पण तो खोटं बोलला असं अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. मी तरी कुठे वाकले होते? पांढरी सलवार होती त्या दिवशी. दोन महिन्यांच्या अभ्यासाला तेवढं कारण पुरलं.

बाकीचं पटकन सांगते. शाफ्ट हाताने हलवून क्रॉसमध्ये खेळ आहे का बघा. डिफरन्शियलचं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. माझ्या पोळ्यानंतर नऊच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ तिथे राहते. कार्पेटखाली काळी बारीक धूळ निघाली तर गाडी कोळशाच्या खाणीत राबली असेल, मीटर काहीही सांगो.

गाडी विकली का? नाही. जुना शाफ्ट मिळवला, बसवला, आता चारही चाकं ओढतात. बाबांना मैदानात नेऊन दाखवलं. ते बघत राहिले, "फिरू दे" म्हणाले. शेतावर अजूनही ट्रॅक्टरवरच जातात, मडगार्डवर बसून, त्या गुडघ्यासह. मी विचारत नाही. कधी वाटतं त्यांनी एवढं धरून ठेवू नये, कधी वाटतं मी बैलांचं विचारलं नसतं तर बसले असते.

लग्नातल्या त्या गृहस्थांचा काल फोन आला. गाडी पसंत पडली आहे म्हणे. मी म्हटलं, खालून फोटो काढून पाठवा. पाच मिनिटांत आला. डॅशबोर्डचा. दिवा पेटलेला.